सोड म्हणाला मामा

"ऐक! ऐकू येतंय का?" मामा फोनवर ओरडला आणि त्याने रिसीव्हर खिडकीबाहेर धरला.

ऐकू येत होतं. मार्चमधल्या भर दुपारी, सव्वा वाजता, आभाळात ढगाचा ठिपका नसताना मामाच्या कौलांवर पाणी कोसळत होतं, आणि नऊ किलोमीटरवरच्या सबस्टेशनात बसून मी ते ऐकत होते.

"आठच्या आठ फवारे चालू!" मामा परत फोनवर आला. "वणवा पऱ्याच्या पलीकडे, ओढ्याच्या त्या काठाला आलाय. येऊ दे मेल्याला. इथे आला तर आंघोळ घालून परत धाडतो."

"आधी दोरीवरचे कपडे आत घे म्हणावं त्याला," मागून मामी करवादली. "लुगडं भिजलं माझं. वणवा राहिला बाजूला, हा मलाच विझवतोय."

मी हसले. देवाशपथ सांगते, त्या दुपारी मी पोट धरून हसले होते.

"मामा, कौलांच्या सापटीतला पाचोळा काढलास ना?"

"आता तू मला शिकव! घर मी बांधलंय की तू?"

घर त्यानेच बांधलं होतं, अगदी हाताने. मामा सुतार. लोकांच्या घरांची कामं करून उरलेल्या वेळात त्याने अकरा वर्षं खपून वरच्या सड्याच्या, म्हणजे कातळाच्या पठाराच्या, कडेला हे घर उभं केलं. फणसाचे खांब, किंजळीचे वासे, वर लाकडाची तक्तपोशी. मागच्या पडवीत त्याचा कामाचा ठिय्या, तिथे फळ्यांची थप्पी आणि रंध्यातून निघालेल्या कुरळ्या सालींचे ढीग. त्याला मूल नव्हतं, मला आई नव्हती, म्हणून सातव्या वर्षी मी त्या घरात आले ती तिथलीच झाले. मला नोकरी लागली तेव्हा त्याने मला एक लाकडी पाट करून दिला. म्हणाला, "सबस्टेशनच्या लाद्या गार असतात, पायाखाली घे." मी तो घेऊन गेले नाही, लाज वाटली. तो त्या घरातच राहिला.

फवाऱ्यांची अक्कल मात्र माझी. आमच्याकडे फेब्रुवारी लागला की सड्यावरचं गवत नुसतं ठिणगीची वाट बघत असतं. तीन वर्षांपूर्वी असाच एक वणवा मामाच्या कुंपणाशी येऊन, खालची काजूची सतरा झाडं खाऊन गेला होता. त्यानंतर मामा झोपेतसुद्धा नाक फेंदारून धुराचा वास घ्यायचा. मी एका भुईमुगाच्या शेतात फिरते फवारे बघितले होते, तेच मी म्हटलं छपरावर बसवू. कौलं, वासे, अंगण, सगळं भिजलेलं असलं की ठिणगी पडून करणार काय? मामाला ते इतकं पटलं की त्याने आढ्यावर लाकडी खुंट्या ठोकून आठ फवारे बसवले, खाली पऱ्याजवळच्या विहिरीतून पाइप आणला आणि दर रविवारी घराला आंघोळ घालायला लागला. आसपासची माणसं बघायला यायची. मामी त्यांना चहा करून वैतागायची.

एकाच गोष्टीवरून आमचा वाद झाला होता. मामा म्हणत होता, विहिरीवर डिझेलचं इंजिन बसवू, लाईटचा काय भरवसा. मी त्याच्यावर जवळजवळ उखडलेच.

"लाईटचा काय भरवसा? मामा, तुझी भाची सबस्टेशनला ऑपरेटर आहे. तुझ्या घराची लाईट माझ्या या हातात आहे. वणवा आला की नुसता एक फोन कर."

हे मी बोलले. अंगणात, मामी, शेजारचे, सगळ्यांसमोर हात वर करून बोलले. मामाने त्या हाताकडे बघितलं आणि मोटर घेतली.

तर त्या दुपारी मामाचा फोन ठेवून मी भिंतीवरच्या पॅनेलकडे बघितलं. 'सडा फीडर', म्हणजे मामाच्या बाजूची लाईन, लिहिलेल्या मीटरचा काटा जागेवर होता. म्हटलं, शाब्बास, तसाच थांब. खिडकीतून उत्तरेला धूर दिसत होता. पलीकडच्या गावात कुणीतरी भाताच्या रोपांसाठी जमीन भाजायला घेतली होती आणि वाऱ्याने ती आग उचलून सड्यावर टाकली होती. अग्निशमनचा एकुलता एक बंब दुसऱ्याच वणव्याकडे गेलेला.

एक बावन्नला मोबाईल वाजला. अश्फाकभाई, आमचे वायरमन.

"हेमांगी, सडा फीडरचा बंद दे. लगेच."

"का हो?"

"काजूचं झाड जळून तारेवर पडलंय. तार तुटून खाली कातळावर लोळतेय आणि जिवंत आहे. वणवा विझवायला माणसं टहाळे घेऊन तिकडेच धावतायत."

"अश्फाकभाई, मामाची मोटर चालू आहे. फवारे..."

"मला माहितीये गो." त्यांचा आवाज खाली आला. "तुझ्या मामाच्या फाटकासमोरच आहे मी. त्या पोलावर स्विच आहे ना, तो उघडला की तुटलेली बाजू वेगळी होईल आणि मामाची बाजू परत चालू करता येईल. वीस मिनिटं दे मला. पण आधी बंद. खाली माणसं आहेत, हेमांगी."

मी पॅनेलवरची मूठ फिरवली. खट्ट आवाज झाला, काटा पडला. याच हाताने. मग नियमाप्रमाणे मुठीवर 'माणसे काम करीत आहेत' ही लाल पाटी अडकवली आणि वहीत वेळ लिहिली.

आमच्या धंद्यात एक नियम आहे, तो मला नोकरीच्या पहिल्या आठवड्यात अश्फाकभाईंनीच घोटून घेतला होता. लाईन चालू करण्याला आम्ही 'सोडणं' म्हणतो. ज्या माणसाने बंद मागितला, त्यानेच स्वतःच्या तोंडाने 'सोड' म्हणायचं. दुसऱ्या कुणी नाही. "साहेब म्हणाला तरी नाही," अश्फाकभाई म्हणाले होते, "माझी बायको रडत आली तरी नाही. माझा आवाज कानात पडल्याशिवाय तू मुठीला हात लावलास, तर मी पोलावर कोळसा झालेला असेन." आणि चहाचा घोट घेऊन वर म्हणाले होते, "आणि मग मी भूत होऊन तुझ्याच शिफ्टला येईन."

पाच मिनिटांत मामीचा फोन. त्यांच्याकडे जुना तारेचा फोन होता, त्याला लाईट लागत नव्हती.

"हेमा, लाईट गेली गो! फवारे थांबले!"

"मामी, मीच घालवली. तार तुटलीय. वीस मिनिटं, फक्त वीस मिनिटं कळ काढा. बादल्यांनी पडवी भिजवा."

"तू घालवलीस?" मामी म्हणाली. तिने फोन ठेवला.

दोन दहा झाले. दोन पंधरा. अश्फाकभाईंचा फोन नाही. मी लावला तर लागेना. परत लावला. संपर्क क्षेत्राच्या बाहेर. तेव्हा माझ्या टाळक्यात प्रकाश पडला. सड्यावरचा मोबाईलचा टॉवर! तोही सडा फीडरवरच होता. त्याची बॅटरी गेले कित्येक महिने मेलेली होती, लाईट गेली की टॉवरही मान टाकायचा. म्हणजे अश्फाकभाईंनी काम संपवून पोलावरून कितीही बोंब मारली तरी ती माझ्यापर्यंत येणार नव्हती. लाईट सोडायला त्यांचा आवाज हवा, आणि त्यांचा आवाज यायला लाईट हवी.

मी खोलीत एकटी. पुढच्या शिफ्टचा रिलीव्हर चारला येणार. सबस्टेशन सोडून जायचं तर तीन गावांचं हॉस्पिटल, पाणी, सगळं माझ्यावर. मी नुसती येरझाऱ्या घालत होते. खिडकीतला धूर मघाशी पांढरा होता, तो आता काळपट झाला होता. लाकूड जळतं तेव्हा धूर असा होतो. उन्हात, त्या वाऱ्यात ओली कौलं पाव तासात सुकतात. मला सगळं माहीत होतं. माहीत असून उपयोग काय?

वीस मिनिटं केव्हाच होऊन गेली होती. काम झालं असणारच, माझं मन म्हणत होतं. अश्फाकभाई खाली उतरले असतील, मोबाईल हातात घेऊन शिव्या घालत असतील. मी मूठ फिरवली तर मामाचं घर वाचेल. आणि उतरले नसतील तर?

दोन बावीसला टेबलावरचा फोन वाजला. मी झडपच घातली.

"हेमा..." मामा होता. मागे नुसती घरघर आणि काहीतरी फुटल्याचे आवाज. कौलं फुटत होती. "हेमा... बाय..." मध्ये खरखर. "सोड... ऐकतेस ना? सोड गो बाय, सोड आता..."

"मामा, नाही सोडता येत रे!" मी किंचाळले. "मामा, अश्फाकभाई कुठे आहेत? त्यांना फोनवर दे! मामा!"

"सोड..." आणि फोन मेला. नुसता बंद झाला नाही, त्याच्यातली ती बारीक गुणगुणसुद्धा गेली. तार जळली होती.

मी पॅनेलसमोर जाऊन उभी राहिले. लाल पाटी बाजूला सारली. हो, सारली. मुठीवर हात ठेवला. मामाने जन्मात माझ्याकडे काही मागितलं नव्हतं. शाळेत न्यायला पाठुंगळीवर घेतलं, मला ताप आला की उशाशी बसून लाकडाची बाहुली कोरली, आणि एवढं सगळं करून त्याने आज पहिल्यांदा तोंड उघडून एक गोष्ट मागितली होती. जी मी अंगणात हात वर करून कबूल केली होती.

हात ठेवला आणि काढला. पाटी परत अडकवली. खुर्चीत बसले आणि दोन्ही हात मांडीखाली दाबून धरले, कारण माझा त्यांच्यावर भरवसा राहिला नव्हता. लहान मुलीसारखी भोकाड पसरून रडले. खोलीत यंत्रांची गुणगुण चालू होती.

दोन सत्तेचाळीसला सबस्टेशनच्या फाटकात मोटरसायकल थांबली. अश्फाकभाई. भुवया जळालेल्या, शर्टाला राख, हातांना सोलपटं.

"सोड," ते दारातूनच म्हणाले.

मी मूठ फिरवली. काटा वर गेला. ते तसेच जमिनीवर बसले.

"स्विचचं हँडल गंजून बसलं होतं. वर चढून एकेक खटका हाताने उघडावा लागला. बाजूला धूर, काही दिसेना. खाली उतरून बघतो तर फोन मेलेला. मग गाडी घातली." त्यांनी कपाळावरची राख पुसली. "घर नाही वाचलं गो. माणसं वाचली. मामी आधीच कातळावर येऊन बसली होती. तुझा मामा शेवटपर्यंत पोलाखाली उभा राहून माझ्याकडे बघून हात हलवत होता. लवकर कर म्हणून. काय करू, मला दोनच हात."

फवारे चालू झाले ते जळक्या घरावर. छप्पर आत कोसळलं होतं, खुंट्या जळाल्या होत्या, तरी जमिनीत पुरलेला पाइप शाबूत होता. विहिरीची मोटर इमानदारीने सुरू झाली आणि फुटक्या तोंडातून पाणी उडून निखाऱ्यांवर पडत राहिलं. संध्याकाळी मी पोचले तेव्हाही ते चालूच होतं. कुणाला ते बंद करायचं सुचलं नव्हतं.

मामा कातळावर बसला होता. रिकाम्या हातांनी. मामीने निदान देवाचा डबा आणि दोन लुगडी बाहेर काढली होती. मामाने त्याची हत्यारांची पेटीसुद्धा काढली नव्हती, जी तो कुणाला शिवू देत नसे. लोक त्यावर कुजबुजत होते, म्हाताऱ्याचं डोकं फिरलं म्हणत होते. मी त्याच्या पायाशी बसले. तो माझ्या डोक्यावर हात ठेवून एवढंच म्हणाला, "जेवलीस का?"

त्यानंतर मी दोघांना तालुक्याला माझ्याकडे आणलं. अकरा वर्षं. या अकरा वर्षांत मामाने एकदाही 'लाईट का नाही सोडलीस' असं विचारलं नाही. आणि मी एकदाही सांगितलं नाही. तो विचारत नाही म्हणून मला राग यायचा, आणि एखाद्या दिवशी विचारेल म्हणून धडकी भरायची. लाईट गेली की मी उठून दुसऱ्या खोलीत जायची. 'सोड' हा शब्द घरात कुणी उच्चारला, अगदी मामी म्हणाली की कुकरची वाफ सोड, तरी मी हातातलं काम खाली ठेवायची. नियम बरोबर होता, मला ठाऊक आहे. पण नियम बरोबर असला म्हणून मामाचा तो आवाज कानातून जात नाही.

गेल्या मार्चमधली गोष्ट. मामा आता त्र्याहत्तरचा. मागच्या गॅलरीत बसून माझ्यासाठी पाट करत होता. पहिला जळाला म्हणून दुसरा. वर्तमानपत्रात कुठल्यातरी वणव्याची बातमी होती, ती मी लपवायच्या आत त्याने वाचली.

"तो अश्फाक कसा आहे गो?" त्याने एकदम विचारलं.

"रिटायर होतायत पुढच्या महिन्यात."

"असं? बोलाव एकदा जेवायला. चांगला माणूस. त्या दिवशी मेलाच असता." मामाने फळीवर फुंकर मारली. "मी तर म्हटलं, संपला. बरं झालं तू माझं ऐकलंस."

मी चहाचा कप घेऊन उभी होते. "काय ऐकलं?"

"काय म्हणजे? फोनवर तुला सांगितलं नाही का? सोड म्हणून."

"हो," मी म्हटलं. "लाईट सोड म्हणालास."

मामाने मान वर केली. "लाईट? अगो वेडे, लाईट कशी सोड म्हणेन? अश्फाक पोलावर होता. खिडकीतून मला समोर दिसत होता, धुरात लटकलेला. मी म्हटलं, घर सोड. घराचा नाद सोड. मला भीती, तू माझ्यापायी लाईट चालू करशील आणि तो पोलावरच भाजेल. तर तू आपली उलट ओरडतेस, नाही सोडता येत, नाही सोडता येत! मग फोनच मेला. तसाच धावत पोलाखाली गेलो, त्याला हाताने खुणा करत होतो, उतर, अरे बाबा उतर, आमची पोर आता लाईट चालू करणार. तो मेला बघतोय आणि परत काम करतोय."

म्हणून रिकामे हात. म्हणून पेटी राहिली.

मी कप खाली ठेवला. ठेवला कसला, आदळला. "मामा, मी तुझं ऐकलं नव्हतं. मला वाटलं तू लाईट मागतोयस."

"मागतोय? आणि मग?"

"मग काय? नाही दिली."

मामा माझ्याकडे बघत राहिला. त्याला ते कळायला वेळ लागला, आणि कळलं तेव्हा त्याचा चेहरा बघवेना.

"म्हणजे मी आगीत उभा राहून तुझ्याकडे लाईट मागितली आणि तू दिली नाहीस, असं तू अकरा वर्षं धरून बसलीस?"

"हो."

"आणि रोज मला चहा देत होतीस."

आत मामीचा रेडिओ चालू होता.

मामाने रंधा उचलला, परत ठेवला. मग खाली फळीकडे बघत म्हणाला, "एक सांगू? फोन उचलला तो लाईट मागायलाच. खोटं कशाला बोलू? घर डोळ्यांसमोर जळत होतं माझं. तुझा नंबर फिरवला, घंटा वाजत होती, तेवढ्यात धूर जरा हलला आणि हा वर दिसला. नसता हलला, तर मी लाईटच मागितली असती. पाया पडून मागितली असती." त्याने माझ्याकडे बघितलं. "तरी नसतीस ना दिली?"

"नसती दिली, मामा."

"मग झालं तर," मामा म्हणाला. त्याने रंधा फळीवर टेकवला आणि दोन्ही हातांनी धरला, पण तो काही त्याला पुढे ढकलता येईना.